लायसन आणि विम्याविना गाडी: दंड किती, जबाबदारी कोणाची आणि त्याआधी कोणती कामे उरकावीत

वाहन चालवण्याचा परवाना आणि वाहनाचा विमा या दोन्ही गोष्टी मोटार वाहन कायदा, १९८८ या एकाच कायद्याने सक्तीच्या केल्या आहेत, पण त्यांचे काम वेगवेगळे आहे. परवाना चालकाचा असतो आणि विमा वाहनाचा असतो. परवान्यामुळे चालकाला रस्त्यावर येण्याचा अधिकार मिळतो, तर विम्यामुळे त्या वाहनाखाली सापडलेल्या परक्या माणसाच्या भरपाईची सोय होते. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबाग चौकात पोलिसाने हात दाखवला, की बहुतेकांच्या मनात ‘आता किती रुपयांची पावती फाटणार’ एवढाच प्रश्न येतो. तो प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर पुढे दिले आहे. मात्र या दोन कागदांच्या अभावाची सर्वांत मोठी किंमत पावतीवर नसते, ती अपघातानंतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या निकालात दिसते. म्हणून या मार्गदर्शनात दंडापेक्षा त्या भागाला अधिक जागा दिली आहे.

दंडाचे आकडे

कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि दंडाच्या नव्या तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आल्या. महाराष्ट्रात वाढीव तडजोड शुल्काची, म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवण्यासाठी भरायच्या रकमेची, अंमलबजावणी मात्र डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. त्यामुळे अनेकांच्या डोक्यात अजूनही परवान्याविना गाडी चालवण्याचा जुना ५०० रुपयांचा दंड आहे. तो आता विसरावा. कलम १८१ नुसार परवान्याशिवाय किंवा कायद्याने ठरवलेल्या वयाच्या आत वाहन चालवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्याचा परवाना रद्द किंवा निलंबित झाला आहे अशा माणसाने गाडी चालवली, तर कलम १८२ खाली दंड १०,००० रुपये होतो.

येथे एक गोष्ट वाहनमालकांच्या लक्षात येत नाही. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती किल्ली देणे हा कलम १८० खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याचीही शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशीच आहे. चुलत्याची मोटारसायकल घेऊन पुतण्या बाजाराला गेला आणि त्याच्याकडे लायसन नसेल, तर पुतण्यावर एक आणि चुलत्यावर दुसरा असे दोन गुन्हे एकाच वेळी होतात. शिवाय परवान्याविना चालवले जात असलेले वाहन जमा करून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ ने पोलिसांना दिला आहे.

परवाना ‘आहे’ म्हणजे त्या प्रकारच्या वाहनाचा आहे, असा कायद्याचा अर्थ आहे. फक्त मोटारीचा परवाना असलेला माणूस मोटारसायकल चालवत असेल, किंवा बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना घेऊन गिअरची गाडी चालवत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो त्या वाहनापुरता परवानाहीनच आहे. हीच गोष्ट लर्निंग लायसनची. ते सहा महिने चालते, पण गाडीला पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावणे आणि मोटार शिकताना शेजारी पक्के लायसन असलेला शिकवणारा बसलेला असणे बंधनकारक आहे. लर्निंग लायसनवर दुचाकीच्या मागे मित्राला बसवून महामार्गावर निघणे हा सरळ नियमभंग आहे.

विम्याविना वाहनासाठी कलम १९६ आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. हे कलमही चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला सारखेच लागू होते. कायदा केंद्राचा असल्यामुळे मिरजेहून कागवाड किंवा अथणीकडे जाताना राज्याची हद्द ओलांडली म्हणून गुन्हा बदलत नाही. तडजोड शुल्क मात्र प्रत्येक राज्य स्वतः ठरवते.

कागद नसणे आणि कागद जवळ नसणे यांत फरक आहे. परवाना आणि विमा वैध आहेत, पण त्या क्षणी दाखवता आले नाहीत, तर लायसन नसल्याचा ५,००० रुपयांचा गुन्हा होत नाही. विम्याचे प्रमाणपत्र सात दिवसांच्या आत सांगितलेल्या पोलीस ठाण्यात हजर केल्यास न दाखवल्याबद्दल दोषी धरता येत नाही, अशी कलम १५८ मध्ये सोय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ नुसार डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधील कागदपत्रे मूळ कागदांइतकीच ग्राह्य आहेत. मोबाइलच्या गॅलरीतला लायसनचा फोटो म्हणजे डिजिलॉकरमधली प्रत नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मुलांच्या हाती गाडी देण्याआधी

या विषयात सर्वांत कठोर तरतूद आई-वडिलांसाठी आहे आणि तीच सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. कलम १९९-अ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला न विचारता गाडी नेली’ असे नुसते म्हणून भागत नाही. संमती होती असे न्यायालय गृहीत धरते आणि आपल्या नकळत हे घडले, किंवा ते रोखण्याची योग्य काळजी आपण घेतली होती, हे पालकाला सिद्ध करावे लागते. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असेल, तर असा पुरावा कोठून आणणार?

सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना पालकांच्या संमतीने मिळू शकतो. आज घराघरांत असलेल्या स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या असल्याने या सवलतीचा त्यांना उपयोग नाही. विजेवरच्या दुचाकींपैकी मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या, मान्यताप्राप्त गाड्यांनाच परवान्यातून सूट आहे. क्लासला जाण्यासाठी मुलीला इलेक्ट्रिक स्कूटर घेताना ‘हिला लायसन लागत नाही’ असे विक्रेत्याने सांगितले, तर शक्ती, वेग आणि मान्यता ही तिन्ही माहिती लेखी मागून घ्यावी.

खरा बोजा भरपाईचा

एक उदाहरण पूर्ण हिशेबासह पाहू. समजा, विमा संपलेल्या मोटारसायकलने रस्त्याने चालणाऱ्या २९ वर्षांच्या तरुणाला ठोकरले आणि तो दगावला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कायम नसलेल्या नोकरीत त्याला महिना १५,००० रुपये मिळत होते आणि त्याच्यावर पत्नी, दोन मुले व आई अवलंबून होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील सरला वर्मा आणि २०१७ मधील प्रणय सेठी या निकालांत भरपाई मोजण्याची जी पद्धत घालून दिली आहे, तिच्यानुसार भावी उत्पन्नवाढीचे ४० टक्के मिळवून महिन्याचे उत्पन्न २१,००० रुपये धरले जाते. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केल्यावर १५,७५० रुपये उरतात, म्हणजे वर्षाला १,८९,००० रुपये. या वयोगटाचा गुणक १७ आहे. गुणाकार ३२,१३,००० रुपये होतो आणि अंत्यसंस्कार, सहवास हिरावल्याची भरपाई आणि व्याज त्यावर आणखी धरावे लागते.

हा विमा काढायला किती खर्च आला असता? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी, म्हणजे परक्या माणसाच्या भरपाईपुरत्या विम्याचा, हप्ता वर्षाला ७१४ रुपये आहे, जीएसटी धरून साधारण ८४३ रुपये. हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी तो २,०९४ रुपये आणि हजार ते दीड हजार सीसीसाठी ३,४१६ रुपये आहे. थर्ड पार्टी विम्यात मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या भरपाईला रकमेची वरची मर्यादा नसते, त्यामुळे विमा चालू असता तर ही सर्व रक्कम विमा कंपनीने भरली असती. विमा नसेल तर ती चालक आणि मालक यांच्या माथी येते.

‘आमच्याकडे पैसेच नाहीत, मग घेणार काय’ असे म्हणणाऱ्यांनी कलम १७४ वाचावे. न्यायाधिकरणाने वसुलीचा दाखला दिला, की जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. आपल्याकडे बहुतेक घरांच्या नावावर थोडीफार जमीन असते, आणि महसुलाची थकबाकी शेवटी सातबाऱ्यापर्यंत पोहोचते. त्याशिवाय १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार, ज्या अपघातात मृत्यू, इजा किंवा मालमत्तेचे नुकसान झाले आहे, त्यातील विमा नसलेले वाहन मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय न्यायालय सोडत नाही. तीन महिन्यांत हमी दिली नाही, तर ते विकून रक्कम न्यायाधिकरणात जमा करता येते.

विमा आहे पण चालकाकडे परवाना नाही, अशी स्थिती असेल तर काय होते, हे थोडे गुंतागुंतीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून सर्वसाधारण तत्त्व असे आहे, की अपघातग्रस्ताला वाऱ्यावर सोडायचे नाही. न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे परवाना नसलेल्या माणसाला गाडी दिली असे सिद्ध झाल्यास ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देते. म्हणजे हप्ता भरूनही बोजा फिरून आपल्याकडेच येतो. ड्रायव्हर ठेवताना त्याचे लायसन पाहिले होते, ते वरकरणी खरे होते आणि त्याला गाडी नीट चालवता येत होती, एवढे दाखवता आले तर मालक बहुतेक वेळा सुटतो. त्यासाठी लायसनची प्रत आणि नेमणुकीची तारीख घरात जपून ठेवावी. स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा अपघात विमा यांना मात्र अशी सवलत नाही. तेथे वैध परवाना नसेल, तर दावा फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक.

याची दुसरी बाजूही न्यायाची आहे. अपघातात जखमी झालेल्याकडे स्वतःचे लायसन नव्हते, एवढ्यावरून चूक त्याचीच होती असे ठरत नाही आणि त्याचा भरपाईचा हक्क आपोआप बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. लायसन नव्हते म्हणून घाबरून दावाच न करणारी कुटुंबे आहेत आणि त्यांना हे सांगायलाच हवे.

‘विमा काढला आहे’ एवढ्याने खात्री बाळगू नये, पॉलिसी कोणती आहे तेही पाहावे. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीच्या मागे बसलेला माणूस येत नाही. त्याच्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी, ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, किंवा जादा हप्ता लागतो. ज्या घरात रोज दोघे एकाच गाडीवरून कामाला जातात, त्या घराने पहिला विचार याचा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊसवाहतूक, ट्रॅक्टर आणि पर्यटकांच्या गाड्या

गाळप हंगामात कारखान्यांच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. ट्रॉली हे कायद्याने वेगळे नोंदणीकृत वाहन आहे, म्हणून ट्रॅक्टरच्या पॉलिसीत प्रत्येक ट्रॉलीचा उल्लेख आणि हप्ता आहे का ते पाहावे. शेतीच्या वापरासाठी काढलेली पॉलिसी आणि भाड्याने चालणारी ऊसवाहतूक यांचाही मेळ बसला पाहिजे, नाहीतर वापराच्या अटीचा भंग झाला असे म्हणायला कंपनी मोकळी होते. ट्रॅक्टरचे वैध लायसन असलेल्याने मागे ट्रॉली जोडली, एवढ्याने ते लायसन निरुपयोगी ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असेही स्पष्ट केले, की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेले मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. छोटा टेम्पो चालवणाऱ्या असंख्य तरुणांना त्याने दिलासा मिळाला. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेली माणसे मात्र थर्ड पार्टी विम्यात सहसा येत नाहीत. ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या, त्यांच्या बायका-मुलांसह, अशाच प्रवास करतात. ही गोष्ट मुकादमांनी आणि वाहनमालकांनी गांभीर्याने घ्यायला हवी.

कास किंवा महाबळेश्वरला पर्यटक नेण्यासाठी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने लावणाऱ्यांनाही हेच लागू होते. खासगी वापराची पॉलिसी भाड्याच्या प्रवासाला पुरत नाही, आणि परमिट नसल्याचा गुन्हा वेगळा होतो.

जुनी गाडी घेताना आणि विकताना

टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जावर, सह्या करून गाडी दिली आणि विषय संपला, असा समज घातक आहे. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि पुढे अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीनकुमार निकालात ठामपणे सांगितले. आपण विकलेली एमएच-११ किंवा एमएच-१० ची गाडी तिसऱ्याच गावात चौथ्याच माणसाच्या ताब्यात असली, तरी नोटीस आपल्याच दारात येते. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवावे, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यावे आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज द्यावा. व्यवहार ठरवताना नाव बदलण्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच दिवशी लिहून ठेवावे.

प्रत्यक्ष करायची कामे

लायसन नसेल, तर परिवहन विभागाच्या सारथी संकेतस्थळावर अर्ज करावा. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक असेल, तर लर्निंग लायसनची परीक्षा घरूनच देता येते. तीस दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्या लायसनच्या चाचणीची वेळ घ्यावी. सातारा, कराड किंवा सांगलीच्या कार्यालयापर्यंत जाणे लांब पडत असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी भरणाऱ्या आरटीओच्या कॅम्पची तारीख पाहावी. वय चाळीसच्या पुढे असल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

लायसनवरची मुदत आजच पाहावी. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस ते चालू धरले जाई. ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे. आता मुदत संपली, की दुसऱ्या दिवसापासून आपण विनापरवाना चालक आहोत. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो आणि मुदत संपून एक वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

विम्याचे वैध असणे एम-परिवहनवर गाडीचा क्रमांक टाकून तपासावे, विशेषतः पॉलिसी एखाद्या ओळखीच्या माणसामार्फत रोखीने काढली असेल तर. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. त्याच वेळी काढलेला स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र अनेकदा एकच वर्षाचा असतो, त्यामुळे दोन्ही तारखा वेगवेगळ्या पाहाव्यात. पॉलिसी तिच्यावर लिहिलेल्या वेळेपासूनच लागू होते. सकाळी अपघात झाला आणि दुपारी हप्ता भरला, तर त्याचा काही उपयोग नाही.

नाक्यावर अडवल्यास गाडी थांबवावी आणि गणवेशातील पोलिसाने मागितलेली कागदपत्रे दाखवावीत. चुकवून पळाल्यास आदेश मोडल्याचा २,००० रुपयांचा दंड वाढतो. आकारलेली रक्कम आणि कलम चलनावर वाचून पावती घ्यावी. चलन मान्य नसेल, तर ते न्यायालयात लढवण्याचा अधिकार आहे. थकलेली ई-चलने राष्ट्रीय लोकअदालतीतही निकाली काढता येतात. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने आलेली फाइल कधीही उघडू नये. त्या फसवणुकीत बँक खाती रिकामी झाली आहेत. चलन आहे की नाही, ते वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः पाहावे.

विमा नसलेल्या वाहनाने आपल्या माणसाला धडक दिली असेल, तर गुन्हा नोंदवून पंचनाम्याची प्रत घ्यावी आणि ते वाहन जमा झाले आहे याची खात्री करावी. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. दाव्यासाठी वकील परवडत नसल्यास सातारा किंवा सांगली येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो, त्यामुळे दिवसकार्य उरकल्यावर कागदपत्रांना हात लावायला उशीर करू नये.